दहा लाख तीन पोती

मास्तर, सगळ्या सिंगापुरात दहा लाख तीन हा आकडा माझ्याइतका जवळून कुणीच बघितलेला नाही. बाकीच्यांना तशी गरज पडत नाही, ते फोनला विचारतात आणि दोन सेकंदांत मोकळे होतात. मला सव्वा वर्ष लागलं, आणि तेवढ्यात तू गेलास.

हो, ‘तू’. दोन वर्षं मागे लागला होतास माझ्या. “दत्तोबा, वय एक, बाक एक, दोघांचीही साखर बंद, मग हे अहोजाहो कशाला?” माझ्या तोंडातून मात्र “मास्तर, तुम्ही”च निघायचं. शाळेतल्या माणसाला अरे म्हणायचं म्हणलं की माझे अजून कान गरम होतात. आता म्हणतो. आता तू वळून “शाब्बास” म्हणणार नाहीस म्हणून जमतंय, हे पण खरं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर कुणीतरी लिहावं असं ठरलं. तुझ्या मुलीच्या युनिव्हर्सिटीतली शिकलेली माणसं होती, पुण्याचे दोन इंजिनियर होते, आणि वहिनी म्हणाल्या, “दत्तूभाऊजी लिहितील.” सगळे हसले. मी पण हसलो, सवयीनं. घरी आल्यावर घाम फुटला. मी पाचवी नापास. चौतीस वर्षं ट्रक चालवला, त्यात लिहायचं काम म्हणजे सही, ती पण गिचमीड. तेव्हा ज्या वहीत तुझा आकडा आहे त्याच वहीत मागच्या बाजूनं लिहितोय. पुढून भागाकार, मागून तू.

तू कुठं जन्मलास, किती वर्षं गणित शिकवलंस, ते दुसरे सांगतील. मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. मला तुझी पहिली आठवण म्हणजे तुझा चहा. तुझा म्हणजे तुझ्या वाटणीचा.

मला इथं येऊन आठ दिवस झाले होते. मुलगा तुआसला कंपनीत गेलेला, नात शाळेत, सून त्या दिवशी घरूनच काम करत होती. मी खाली चक्कर मारून वर आलो. अकरावा मजला, डावीकडून तिसरं दार, दाराला तोरण, दार उघडं. चपला काढल्या, पंख्याखाली बसलो आणि म्हणलं, “चहा टाक गं जरा.” आतून वहिनी आल्या, हातात कापूस. म्हणाल्या, “टाकते. पण तुम्ही कोण?”

ब्लॉक, म्हणजे इमारतच चुकली होती. चौतीस वर्षांत कधी वाट चुकलो नाही असं सगळ्यांना सांगत आलो, आणि इथं एका लिफ्टनं माझी लाज काढली. मी चपला शोधायला लागलो तर तू आतून आलास, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, “बसलेच आहेत तर बसू दे.” त्या दिवशी घरात दूध एकाच कपापुरतं होतं. ते मला मिळालं. हे मला वहिनींनी दीड वर्षानं सांगितलं, तेही मी त्यांच्या चहाला पाणचट म्हणलो तेव्हा.

कापूस कशाला होता ते मात्र त्या पहिल्या दिवशीच कळलं. वहिनी लक्षवाती करत होत्या. एक लाख वाती, हातानं वळून, मोजून. माझ्याशी बोलत होत्या, कुठल्या गावचे, किती मुलं, आणि बोटं चाललेली, शंभर झाल्या की दोरा. मी म्हणलं, “वहिनी, लाखात दहापाच कमीजास्त झाल्या तर देवाला काय कळतंय?” त्या म्हणाल्या, “देवाला नाही कळलं तरी मला कळतं ना.”

त्यानंतर आपण रोज सकाळी हार्बरफ्रंटला जायला लागलो. चालत अर्धा तास, मग पाण्याकडं तोंड करून बाकावर, दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, बिनसाखरेच्या. समोरून फेरी सुटायच्या, लांब क्रेन दिसायच्या. मी ट्रकच्या गोष्टी सांगायचो, त्यातल्या निम्म्या खोट्या. एकदा क्रेनकडं बघून मला जोर आला. म्हणलं, “मास्तर, माल किती पण असू दे, मी गाड्यांत सारखा लावून दाखवतो. खाली एक पोतं उरू देणार नाही.”

“किती पण?”

“किती पण. उलट माल मोठा असला की सोपं पडतं. कुठल्या ना कुठल्या हिशेबानं बसतोच.”

तू कोपीचा घोट घेतलास. “दहा लाख तीन पोती. गाड्या किती ते तू ठरव. प्रत्येक गाडीत सारखी पोती, खाली काही उरायचं नाही. एकच गाडी आणली असं चालणार नाही, आणि एका गाडीत एकच पोतं असंही चालणार नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“उद्या सांगतो,” मी म्हणलं. लोकांना माझी ही एकच गोष्ट पाठ आहे, मी उद्या सांगतो.

दोन गाड्या लावल्या, एक पोतं उरलं. तीन लावल्या, एक उरलं. पाच लावल्या, तीन उरली. सात लावल्या, चार उरली. अकरा, चार. तेरा, चार. मला संशयच आला. सकाळी बाकावर आल्या आल्या म्हणलं, “मास्तर, ही चार पोती कुणीतरी मुद्दाम टाकतंय.” तू एवढा हसलास की शेजारचे चिनी आजोबा व्यायाम थांबवून बघायला लागले. मग समजावलंस. चार घरं अलीकडं एक आकडा राहतो, नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव, सहाच्या सहा नऊ. तो तीननं तुटतो, सातनं, अकरानं, तेरानं, सदतीसनं पण तुटतो. आपला त्याच्यापुढं चार. म्हणून यातलं कुणीही लावलं तरी चारच उरणार; तीन तेवढा त्या चारातले आणखी तीन खातो, म्हणून एक.

मी म्हणलं, “म्हणजे तो नऊंचा सगळ्यांशी जमवून घेणारा, आणि चार घरं सोडून हा आपला, कुणाशीच न पटणारा. आमच्या थोरल्यासारखा.”

“पटत नाही हे अजून कुठं कळलंय?” तू म्हणालास. “ते तू सांगायचंस.”

तिथंच आपलं ठरलं. आकडा तुटला तर तू वहिनींसमोर म्हणणार, दत्तोबा माझ्यापेक्षा हुशार. नाही तुटला तर मी येऊन सांगायचं, तुटत नाही, मी शेवटपर्यंत जाऊन बघितलं. “पण सरळ सांगायचं,” तू म्हणालास. “मध्ये विनोद घालायचा नाही.” मी म्हणलं, त्यात काय. आणि लगेच एक विनोद केला.

घरी नात, इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून, म्हणाली, “आजोबा, फोनला विचार ना, टू सेकंड्स ओन्ली लाह.” तिनं फोन काढला पण. मी तिच्या हातातून घेतला आणि उशीखाली ठेवला. का ठेवला मला तेव्हा सांगता आलं नाही. आयुष्यात मी सगळ्याच गोष्टी दुसऱ्याला विचारून सोडवल्यात. रस्ता विचारला, लग्नाचं विचारलं, पासपोर्टच्या फॉर्मवर कुठं सही करायची ते विचारलं. हा एक आकडा कुणाला विचारायचा नाही असं माझ्या मनानं घेतलं. शिकलेला माणूस याला निर्धार म्हणेल. माझी सून म्हणते, “बाबांना काहीतरी झालंय.”

मला वाटलं होतं आता दहा लाख भागाकार करायचे. तू म्हणालास, नाही, हजारापर्यंतच बघायचं. गाड्या पण हजाराच्या वर आणि एकेका गाडीत पोती पण हजाराच्या वर असं झालं, तर माल दहा लाख तीनच्या पुढं जातो. म्हणजे दोन्हीतलं एक हजाराच्या आतच सापडलं पाहिजे. हे मला कळलं. कुणी समजावल्यावर मला पहिल्या फटक्यात कळलेली ती पहिली गोष्ट असेल. मग म्हणालास, सातनं गेला नाही तर चौदानं कसा जाईल, चौदा म्हणजे सातच दोनदा. तेव्हा हजाराच्या आतले जे स्वतःच तुटत नाहीत तेवढेच घ्यायचे. “ते एकशे अडुसष्ट निघतात. यादी तू काढ.”

ती यादी काढली तो माझा सिंगापुरातला सगळ्यात मोठा पराक्रम. नातीचा एक चार्ट पेपर घेतला, त्यावर दोन ते हजार आकडे लिहिले, तिचे स्केचपेन घेतले आणि पाढे म्हणत म्हणत एकेक आकडा मारत गेलो. दोनचा पाढा निळा, तीनचा हिरवा, असं. मला तीसपर्यंत पाढे येतात. माझं शिक्षण म्हणजे तेवढंच. प्रत्येक पाढा दहापर्यंत तोंडपाठ, पुढं मिळवत जायचं. सगळं मारून झाल्यावर उरलेले मोजले. एकशे अडुसष्ट. परत मोजले. एकशे अडुसष्ट. चार्ट गुंडाळून तसाच स्लिपर घालून तुझ्या ब्लॉकला आलो, या वेळी बरोबर ब्लॉकला. मला वाटलं आज मी पाचवी पास झालो.

तू चार्ट जमिनीवर पसरलास आणि बराच वेळ बघितलास. मग म्हणालास, “छान. मोजलेस?”

“दोनदा.”

“एकोणतीसचा पाढा म्हण बरं.”

मला हसू आलं. म्हणलं, मास्तर, तुम्ही बरोबर तोच पाढा काढलात. आणि मी तुला ती गोष्ट सांगितली. पाचवीत गुरुजींनी मला उभं केलं, म्हण एकोणतीसचा. मी आठेपर्यंत आलो. नव्वेला गुरुजी म्हणाले, “परत.” मी परत तेच म्हणलं. कानाखाली बसली. “परत.” मी परत तेच. दुसरी बसली. तिसऱ्यांदा म्हणाले, “एकोणतीस नव्वे किती?” मी म्हणलं, “गुरुजी, तुम्ही म्हणाल तेवढे.” सगळा वर्ग हसला, गुरुजी पण हसले, आणि मार थांबला. तेव्हा मला कळलं की उत्तर आलं नाही तरी चालतं. लोक हसले की सुटतो. त्याच वर्षी शाळा सुटली. मग तालीम सुटली, मग भजनी मंडळातले टाळ सुटले, इथं आल्यावर इंग्रजीचा क्लास तीन दिवसांत सुटला. दर वेळी मी सगळ्यांना हसवून बाहेर पडलो. ही गोष्ट मी शंभर ठिकाणी सांगितलीय आणि शंभर ठिकाणी लोक हसलेत.

तू हसला नाहीस. म्हणालास, “तू काय म्हणाला होतास नव्वेला?”

“दोनशे त्रेसष्ट.”

तू खिडकीतून बाहेर बघायला लागलास.

“म्हणजे गुरुजी मारकेच होते,” मी म्हणलं.

“असतील,” तू म्हणालास. “पण...” तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि तुझं ते ‘पण’ तिथंच राहिलं. मी नंतर विचारलं नाही. मला वाटलं, मास्तर लोक एकमेकांना सांभाळून घेतात.

पुढच्या आठवड्यात बाकावर तू विचारलंस, “तुझ्या यादीत नऊशे एकसष्ट आहे का?” मी म्हणलं आहे. “एकतीस एकतीसे,” तू म्हणालास. बसून करून बघितलं तर खरंच नऊशे एकसष्ट. माझे पाढे तीसला संपतात, आणि हजाराच्या आत एवढा एकच लबाड एकतीसच्या घरात लपून बसला होता. मी खोडला.

“आता किती राहिले?” तू विचारलंस.

“एक कमी.”

“आणि पाहिजेत किती?”

“मास्तर, एक कमी झाला म्हणजे मला एक दिवस सुट्टी.”

त्यावर तू हसलास. या आकड्याच्या बाबतीत माझ्या विनोदाला तू हसलास तो एवढा एकदाच. मला एवढं बरं वाटलं की घरी जाऊन सुनेला पण सांगितलं, आज मास्तर हसले.

मग भागाकार सुरू झाले. प्रत्येक दोनदा करायचा हा तुझा नियम. सतरानं बारा उरली, एकोणीसनं चौदा, तेवीसनं नऊ. एकशे एकनं दोनच उरली तेव्हा मी बाकावरून उठलोच, म्हणलं, आता जवळ आलो. तू म्हणालास, जवळ आलास ते शेजाऱ्याच्या. दहा लाख एक हा एकशे एकनं तुटतो, आपला त्याच्यापुढं दोन. दहा लाख तर दोननं, पाचनं पण तुटतो, दहा लाख दोन सम आहे. म्हणजे अलीकडचे सगळे शेजारी तुटून झाले आणि हा आपला अजून उभाच. मला त्याचा राग पण यायचा आणि कौतुक पण वाटायचं. कधी कधी आठवड्यात दोनच भागाकार व्हायचे. एकदा खाली शून्य उरलं म्हणून मी तुला फोन केला, तू फोनवरच चूक काढलीस, हातचा घ्यायचा राहिला होता. मी त्या दिवशी जेवलो नाही. सून डॉक्टरला विचारणार होती.

आपलं भांडण आठवतंय? मी म्हणलं होतं, याचा उपयोग काय, मास्तर. तू म्हणालास, “तुझा काय उपयोग आहे, दत्तोबा?” मी म्हणलं, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडतो. तू म्हणालास, “मग हा तुला माझ्याबरोबर बाकापर्यंत आणतो.” ते मी हसण्यावारी नेलं. पण नंतर मला एक विचार डसला. म्हणलं, “तुम्हाला उत्तर माहीतच आहे ना? पहिल्या दिवसापासून? मग हे माकडाला नाचवायचं चाललंय का?”

तू म्हणालास, “मला माहीत आहे. तुला माहीत नाही. मग?”

मला फार लागलं ते. आठ दिवस मी हार्बरफ्रंटला आलो नाही, दुसऱ्या बाजूच्या बागेत जाऊन बसलो आणि तिथं पण लपूनछपून सत्त्याण्णवनं भागत बसलो. नवव्या दिवशी सकाळी बेल वाजली. सुनेनं दार उघडलं. तू सरळ आत आलास, पंख्याखाली बसलास आणि तिला म्हणालास, “चहा टाक गं जरा.”

तेव्हा मला तुला मिठी मारायची होती. मी म्हणलं, “दूध एकाच कपाचं आहे.”

मग तुझं चालणं कमी झालं. आधी म्हणालास गुडघा आहे, मग म्हणालास हवा दमट आहे. बाकावर मी एकटा यायला लागलो आणि वही घेऊन तुझ्या घरी. मग घरी पण नाही, हॉस्पिटलमध्ये. तिथं मी काय केलं ते तुला माहीतच आहे. नर्सना हसवलं, शेजारच्या पेशंटला हसवलं, त्याला मराठी येत नव्हतं तरी. तू मान हलवून म्हणालास, “वही आणलीस का?”

“आणलीय.”

“कुठवर?”

“सातशे एकोणीस. पाचशे त्र्याण्णव उरली.”

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. मग म्हणालास, “बरोबर.” पडल्या पडल्या मनात केलंस. मी दोन दिवस घालवले होते त्यावर.

“आता चाळीस राहिले, मास्तर. संपतंच आलं.”

“यादी एकदा परत मोज.”

“मोजलीय, मास्तर.”

“परत.”

मी म्हणलं, आधी तुम्ही घरी चला, मग बाकावर बसून मोजू. आणि निघताना एक विनोद केला. तो इथं लिहीत नाही. चांगला नव्हता. तू हात वर केलास, तेवढंच. त्यानंतर आपली भेट नाही.

तुला निरोप दिला त्या दिवशी पण मी तुझ्या जावयाला काहीतरी बोलून हसवलं. तो बिचारा हसला आणि मग त्याला रडू फुटलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला माझीच शिसारी आली, मास्तर. पासष्ट वर्षांचा माणूस आणि अजून गुरुजींचा हात वर झाल्यासारखा वागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर गेलो. सवयीनं दोन कोपी घेतल्या. वही उघडली, सातशे सत्तावीसनं भागलं. तीनशे अठ्ठ्याहत्तर उरली. परत केलं, तीनशे अठ्ठ्याहत्तर. तुझी कोपी पण मीच प्यालो. म्हणलं, आता थांबायचं नाही. रोज तीन, कधी चार. नात शाळेतून आली की म्हणायची, “आजोबा, हाऊ मेनी लेफ्ट?” मी आकडा सांगायचो, ती चार्टवर खूण करायची. मुलगा म्हणाला, बाबा, आता कशाला? मी पुढचा भागाकार मांडला, विनोद पण केला नाही. तो घाबरला.

बाराव्या दिवशी शेवटचा आला, नऊशे सत्त्याण्णव. हजार तीन वेळा गेला, बारा पोती उरली. परत केला. बारा. वही मिटली. एकशे सदुसष्ट भागाकार, प्रत्येक दोनदा.

तर मास्तर, सरळ सांगतो. तुटत नाही. मी शेवटपर्यंत जाऊन बघितलं.

एवढ्या मोठ्या आकड्याला कुणीतरी तोडत असणारच असं मी म्हणलो होतो, ते चुकलं. तुला पहिल्यापासून माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस, त्याबद्दल मी तुझ्यावर चिडलो होतो. आता चिडत नाही. तू सांगितलं असतंस तर मी तिथल्या तिथं एक विनोद केला असता आणि आपण दुसरं काहीतरी बोललो असतो. मला आयुष्यात कुणी शेवटपर्यंत जायला लावलं नव्हतं. तू लावलंस. हे मी तुला तोंडावर सांगायला पाहिजे होतं, तू असताना, तुम्ही म्हणून का होईना. उशीर झाला. पण पूर्ण केलं.

इथं लेख संपला होता.

अंकाला द्यायच्या आधी वहिनींना वाचून दाखवावा म्हणून काल सकाळी तुझ्या घरी गेलो. तुझ्या फोटोपुढं समई होती, वहिनी खाली बसून वाती वळत होत्या. अजून वीस हजार राहिल्यात म्हणाल्या, तू गेल्यापासून हात थांबला होता, कालच परत बसल्या. मी पहिल्यापासून वाचलं. चहाच्या गोष्टीला त्या हसल्या. पुढं हसल्या नाहीत, मान खाली, बोटं चालू. शेवटाला आलो. “पण पूर्ण केलं” हे कसंबसं वाचलं आणि वही मिटली. मला वाटलं आता त्या डोळे पुसतील.

त्या म्हणाल्या, “तो चार्ट कुठाय?”

पिशवीतच होता. त्यांनी तो जमिनीवर पसरला, तू पसरला होतास तिथंच. वाती जवळ ओढल्या आणि न मारलेल्या एकेका आकड्यावर एकेक वात ठेवत गेल्या. मी बघत बसलो. मग सगळ्या उचलल्या, दहादहाचे ढीग केले. सोळा ढीग आणि वर सात.

“एकशे सदुसष्ट,” त्या म्हणाल्या.

“हो, एक मास्तरांनीच कमी केला. एकतीस एकतीसे.”

“पाहिजेत किती?”

“एकशे अडुसष्ट,” मी म्हणलं, आणि बोटांवर हिशेब केला. आधी होते ते एकशे अडुसष्ट त्या लबाडाला धरून होते. तो गेला म्हणजे एक खरा कुठंतरी मी मारून ठेवला होता.

वहिनींनी मांडी बदलली. “मघाशी काय वाचलंत? एकोणतीस नव्वे किती?”

“दोनशे त्रेसष्ट.”

“एकसष्ट,” त्या म्हणाल्या. भाजीत मीठ किती ते सांगावं तसं. “एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट.”

मी चार्टवर वाकलो. दोनशे एकसष्ट तीनच्या पाढ्यात कधीच मेलेला होता, हिरव्या रेघेनं. आणि दोन घरं पुढं दोनशे त्रेसष्ट, त्यावर एकच रेघ, लाल, माझ्या हातची. एकोणतीसचा पाढा लाल होता. पंचावन्न वर्षं मी ते चुकीचं घेऊन फिरलो, शंभर ठिकाणी सांगून लोकांना हसवलं, आणि तू चार्टवर बघितल्या बघितल्या ओळखलंस. ते तुझं ‘पण’ आता कळलं मला.

“वहिनी, त्यांना माहीत होतं.”

“पहिल्या दिवसापासून. तुम्ही गेल्यावर म्हणाले, दत्तोबानं एक गिळलाय, बघू कधी सापडतो.”

“मग सांगायचं ना मला.”

“तुम्हाला दोन कानाखाली खाऊन कळलं नव्हतं, सांगून कळलं असतं?”

मी तुझ्या फोटोकडं बघितलं. हॉस्पिटलमध्ये तू “परत” म्हणाला होतास ते आठवलं. माझ्या तोंडावर आलंच होतं की घ्या वहिनी, मी पाचवी परत नापास. ते गिळलं, तर त्याच्या जागी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते काही थांबेना. वहीवर पडायला लागलं.

वहिनींनी वही माझ्या हातातून काढून घेतली, पदरानं पुसली, पुढच्या बाजूनं कोरं पान उघडलं आणि पेन्सिल पुढं सरकवली.

“आधी दोनशे त्रेसष्टनं भागा, भाऊजी. दोनदा. रडायचं नंतर.”